न विचारता चालणारी

एनिड प्रॉसर सकाळी आठच्या ठोक्याला घर सोडायची आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी मॉरफर्डच्या फाटकाशी पोचायची. पाच म्हणजे पाच. एकतीस वर्षं वाय नदीची पातळी मोजायच्या खात्यात काढलेली बाई, तिच्याकडे अंदाजपंचे काही नसायचं. हेरफर्ड शहराचा शेवटचा दिवा मागे पडला की कुंपणातली लाकडी पायरी ओलांडायची, नदी उजव्या हाताला धरायची आणि चालत सुटायचं. अडीच मैल. आधी कुरण, मग विलोच्या झाडांची रांग, मग हॅसल्टाइनांची सफरचंदाची बाग, तिच्यापुढे गाव.

गावात तिचा नवरा होता. लेन. दोन वर्षांपूर्वी त्याला मॉरफर्डच्या वृद्धांच्या घरात ठेवावं लागलं. लेनला आताशा फार कमी गोष्टी आठवत. बायकोचं नावही कधी यायचं, कधी नाही. पण सकाळच्या टोस्टला लोणी एनिडनेच लावलेलं असलं पाहिजे, एवढं मात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ती गेली नाही की तो खात नसे. मागच्या हिवाळ्यात ती फ्लूने सहा दिवस अंथरुणात होती, तेवढ्यात त्याचं वजन इतकं उतरलं की डॉक्टरांनी तिला फोन करून सांभाळून बोलायला सुरुवात केली. सत्तर ओलांडलेल्या माणसाला कळतं डॉक्टर सांभाळून कधी बोलतात ते.

डाव्या डोळ्याची नजर गेल्यापासून तिची गाडी बंद होती. बस आठवड्यातून दोनदा, तीही दुपारी. मोटाररस्त्याला पायी चालायला कडेची हातभर जागा नाही आणि ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. तेव्हा उरली ती नदीकाठची वाट. आणि ती वाट बंद होणार होती.

म्हातारे हॅसल्टाइन वारले आणि त्यांचा मुलगा टोबी लंडनहून येऊन जमीन बघायला लागला. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कुंपणं आवडायची. वाट सरकारी नकाशावर कधी चढवलेलीच नव्हती, हे त्याच्या वकिलाने हुडकून काढलं. सप्टेंबरात बागेच्या तोंडाशी काटेरी तारेच्या पाच ओळी ताणल्या गेल्या. एनिड दुसऱ्या दिवशी तिथे पोचली, दोन मिनिटं तारेकडे बघत राहिली, मग कोट काढून पलीकडे टाकला आणि सर्वांत खालच्या तारेखालून पोटावर सरपटत गेली. एकाहत्तराव्या वर्षी. लेनच्या टोस्टला त्या दिवशी लोणी लागलं, वर थोडी मातीही लागली असेल.

आता ते दवाचं.

एनिडच्या ते लक्षात आलं त्याला वर्ष होऊन गेलं होतं. कुरणावर सकाळी दव पडलेलं असतं, सगळं गवत राखाडी दिसतं, आणि त्यातून कुणी चालत गेलं की मागे गडद हिरवी रेघ उमटते. एनिड पायरी ओलांडायची तेव्हा ती रेघ आधीच उमटलेली असायची. शहराकडून गावाकडे जाणारी, एकाच माणसाची. एवढ्या सकाळी कोण बरं, असं पहिल्यांदा वाटलं. मग सवय झाली. मग हळूहळू कौतुक वाटायला लागलं, कारण हे जे कोणी होतं ते फार सुंदर चालत होतं.

हे एनिडने मोजून ठरवलं होतं. तिच्या खिशात अजूनही घडीची मोजपट्टी असायची. एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंत एकोणतीस इंच. कुरणात एकोणतीस, चढावर एकोणतीस, चिखलातही एकोणतीस. कुठे थबकणं नाही, घसरणं नाही, गाईंना वळसा नाही. त्या तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या गाई वाटेतच बसायच्या, आणि रेघ त्यांच्या मधून सरळ जायची, म्हणजे त्यांनी उठून जागा दिलेली असणार. एनिडसाठी त्या शेपूटसुद्धा हलवत नसत.

फेब्रुवारीत रेघ एकदम तीन यार्ड आत वळली, विलोच्या मागच्या अंगाने. एनिडला हे खटकलं. काठावरची वाट चांगली कोरडी होती, मग हा वळसा कशाला? तरी तीही त्या रेघेवरून गेली, कारण एवढं चांगलं चालणारं माणूस उगीच वळणार नाही असं तिला वाटलं. चौथ्या दिवशी काठाचा बारा फुटांचा तुकडा नदीत गेला, वरच्या वाटेसकट. एनिड तिथे उभी राहून खालचं तांबडं पाणी बघत राहिली. ती स्वतः एकतीस वर्षं ही नदी वाचत होती आणि तिला हे कळलं नव्हतं. "वा, बाई," असं ती मोठ्याने म्हणाली. ते माणूस बाई आहे असं आपण का धरून चाललो, याचं तिला नंतर नवल वाटलं.

तिने डेरिक पम्फ्रीला सांगितलं. डेरिक म्हणजे मॉरफर्डचं एकुलतं एक दुकान चालवणारा आणि गावच्या पंचायतीचा चिटणीस. गोल चेहऱ्याचा, आदबशीर, कुणाचं म्हणून मन न मोडणारा माणूस. तो म्हणाला, कोल्हा असेल. एनिड म्हणाली, कोल्ह्याची ढांग एकोणतीस इंच नसते. तो म्हणाला, मग उंच कोल्हा असेल, आणि तिला फुकटचा बन दिला. पण गावात त्याने विचारून बघितलं. सकाळी शहराकडून चालत येणारं कुणीच नव्हतं. परत जाणाऱ्या पावलांची रेघ तर एनिडने स्वतः कधी पाहिली नव्हती.

ती लवकर निघून बघायला लागली. सात वाजता गेली, रेघ होती. सहाला गेली, रेघ होती. एका कडक थंडीच्या सकाळी उजाडता उजाडता गेली, तेव्हा दवाऐवजी हिमाचा पांढरा थर होता आणि त्यातही पावलं होती. तिने वाकून एका पावलात बोट घातलं. आजूबाजूचं गवत काचेसारखं मोडत होतं, पावलातलं गवत मात्र ओलं, मऊ आणि किंचित कोमट होतं. तिने हात पुसला आणि मोजपट्टी काढली. एकोणतीस.

त्यानंतर तिने लवकर जाणं सोडून दिलं. भीती वाटली असं नाही. एखाद्याच्या पाठी लागणं बरं दिसत नाही, एवढंच.

गावाने केलेल्या अर्जावर वाटेची सुनावणी ऑक्टोबरात गावच्या सभागृहात झाली. चहा, लिंबाचा केक, घडीच्या खुर्च्या आणि सरकारने पाठवलेल्या निरीक्षक ओकेन्डेनबाई. पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, बोलताना एक शब्द इकडचा तिकडे न करणाऱ्या. त्यांनी सुरुवातीलाच कायदा सांगितला. लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने चालले, उघडपणे चालले आणि कुणालाही न विचारता चालले, तर ती वाट सगळ्यांची. पण विचारून चालले असतील तर ती मालकाची मेहरबानी, आणि मेहरबानी कधीही मागे घेता येते.

गावाने कंबर कसली होती. सत्तेचाळीस जणांनी आपण कधीपासून चालतो ते लिहून दिलं होतं. एनिडला वाटलं, जिंकलो.

मग टोबी हॅसल्टाइनच्या वकिलाने बिस्किटांचा एक जुना डबा टेबलावर ठेवला. त्यातून नाताळची कार्डं निघाली, एकेका वर्षाचं एकेक, तेवीस. म्हाताऱ्या हॅसल्टाइनांनी सगळी जपून ठेवली होती. प्रत्येक कार्डावर डेरिकच्या सुबक अक्षरात एकच मजकूर: आपल्या कुरणातून आम्हा सर्वांना जाऊ दिल्याबद्दल मॉरफर्ड गावातर्फे मनःपूर्वक आभार, पुढल्या वर्षीही अशीच परवानगी असावी ही विनंती.

डेरिकचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आभार मानायला पैसे पडत नाहीत, असं त्याच्या आईने त्याला शिकवलेलं. त्याने सभ्यपणे, दरवर्षी, न चुकता अख्ख्या गावाचा हक्क पाकिटात घालून मालकाच्या घरी पोचवला होता. त्या गावात दुसरा कुणी त्या खुर्चीत असता तरी त्याने हेच केलं असतं, आणि म्हणूनच कुणी डेरिककडे रागाने बघू शकलं नाही.

एनिडला लेनचं ताट दिसलं. टोस्ट तसाच पडलेला. ती उठून उभी राहिली.

"एक माणूस आहे," ती म्हणाली. "त्याने कधी कुणाला विचारलेलं नाही. आभारही मानले नाहीत."

"नाव?" ओकेन्डेनबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"नाही. पावलं पाहिली आहेत. रोज पाहते. एकोणतीस इंचांची ढांग आहे, आणि तारेचं कुंपण घातल्यावरही त्यात फरक पडलेला नाही."

मागे कुणीतरी हसलं. वकिलाने पेन खाली ठेवलं, यावर वेळ घालवायची गरज नाही अशा थाटात. एनिडचे कान तापले. आपण काय बोलून बसलो हे तिला कळत होतं, आणि तरी त्यातला एकही शब्द मागे घ्यावासा वाटत नव्हता.

ओकेन्डेनबाईंनी ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. "उद्या सकाळी आठला मी वाट चालून बघणार आहे," त्या म्हणाल्या. "असतील तर भेटतील."

पाहणीचा नियम कडक असतो. दोन्ही बाजूंनी बरोबर यायचं, पण प्रकरणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. झाड दाखवा, फाटक दाखवा, बाकी तोंड बंद. दुसऱ्या दिवशी शेवटच्या दिव्यापाशी सहा जण जमले. निरीक्षक, टोबी, त्याचा वकील, एनिड, डेरिक आणि पंचायतीची एक बाई. आकाश निरभ्र होतं आणि दव इतकं जाड पडलं होतं की कुरण दुधात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं.

रेघ होती.

ओकेन्डेनबाई पायरी ओलांडून तिच्यापाशी थांबल्या, खाली बघितलं, आणि तिच्यावरूनच चालू लागल्या. पाठोपाठ सगळे, एकामागे एक. टोबी गाईंकडे बघत होता, कारण गाई उठून बाजूला झालेल्या होत्या आणि मधल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून उभ्या होत्या. डेरिक एनिडच्या पुढे होता. त्याच्या मानेवर घाम दिसत होता, एवढ्या थंडीत.

विलो मागे पडले. बाग आली. कुंपण आलं.

एक पाऊल तारेच्या अलीकडे होतं, पुढचं पलीकडे. मधल्या तारेवरचे दवाचे थेंबसुद्धा हलले नव्हते. ओकेन्डेनबाईंनी हात पुढे केला, आणि एनिडने न बोलता त्यांच्या हातात मोजपट्टी ठेवली. बाईंनी तारेखालून ती सरकवून मोजलं. आकडा लिहिला. टोबीने खिशातल्या किल्लीने बाजूचं फाटक उघडलं.

बागेच्या मध्यावर रेघ संपली.

पुढे नुसतं दव. एकही पाऊल नाही. डाव्या-उजव्या हातालाही नाही.

ओकेन्डेनबाई थांबल्या, म्हणून सगळे थांबले. बाईंनी मान थोडी कलती केली. आपल्यापेक्षा बुटक्या माणसाचं ऐकताना करतात तशी. एकदा मान हलवली. वहीत काही लिहिलं. पुन्हा मान हलवली. एनिडला वाटलं, झाडं मोजताहेत.

मग पुढचं गवत वाकलं.

एक पाऊल. त्यातलं दव खाली गळताना दिसलं.

मग दुसरं.

बोलायचं नाही असा नियमच होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एनिडला एखाद्या नियमाचे पाय धरावेसे वाटले. टोबी हॅसल्टाइनने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. तिसरं पाऊल उमटलं, चौथं उमटलं, संथ, सारखं, कुठेही न चुकणारं. एनिडच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस ज्याचं नुसतं उष्टं बघितलं ते चालणं ती प्रत्यक्ष बघत होती, आणि ते तिला वाटलं होतं त्याहून देखणं होतं.

"चला," ओकेन्डेनबाई म्हणाल्या. "खोळंबा नको."

त्यानंतर दुकानात डेरिकने एनिडसमोर चहा ठेवला आणि बराच वेळ फडक्याने कोरडा गल्ला पुसत राहिला.

"मी काही बघितलं नाही," तो शेवटी म्हणाला. "आणि एनिड, तूही बघितलं नाहीस. लेनला तुझी गरज आहे, लोकांनी तुलाच तिकडे शेजारच्या खोलीत ठेवलं तर काय घ्या."

निकाल नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला. चौदा पानं, ओळीने क्रमांक घातलेले परिच्छेद. एनिडने दारातच पाकीट फाडलं, पहिल्या पानावरची एक ओळ वाचली आणि पायरीवर बसून लहान पोरीसारखी रडली. वाट सगळ्यांची ठरली होती. कुंपण महिन्याच्या आत काढायचं होतं. तिने डेरिकला फोन केला, तोही रडला. मग ती शेजारणीकडे गेली, तिथे शेरीची बाटली उघडली गेली, आणि उरलेली तेरा पानं राहून गेली. उद्या वाटेतल्या बाकावर बसून नीट वाचू, असं तिने ठरवलं. तो मान आपण त्या वाटेलाच द्यायचा.

दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास लवकर निघाली. दव होतं, भरपूर होतं. रेघ नव्हती.

ती पायरीवर उभी राहून त्या अखंड राखाडी कुरणाकडे बघत राहिली. काम झालं, आता कशाला येईल ती, असं तिच्या मनात आलं, आणि घरातलं माणूस न सांगता निघून जावं तसं तिला वाटलं. मग ती एकटीच चालू लागली. गाई वाटेत बसल्या होत्या. त्या उठल्या आणि बाजूला झाल्या. मी रोजची म्हणून असेल, असं एनिडला वाटलं आणि बरं वाटलं.

विलोपाशी बाक होता. ती बसली, चष्मा लावला, पानं काढली. कार्डांबद्दल होतं, बिस्किटांच्या डब्याबद्दल होतं. गावकऱ्यांचं चालणं परवानगीने होतं, ते हक्क म्हणून धरता येत नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. एनिडच्या कपाळाला आठी पडली. मग जिंकलो कसे? तिने पान उलटलं. परिच्छेद एकतीस.

"पाहणीच्या वेळी साक्ष घेता येत नाही, म्हणून पुढील मजकूर मी केवळ निरीक्षण म्हणून नोंदवते. आमच्या पुढे चालणाऱ्या वयस्क बाई बागेत माझ्यासाठी थांबल्या. या वाटेसाठी आपण कुणाला विचारलं नाही आणि कुणाचे आभार मानले नाहीत, असं त्यांनी सांगितलं. किती वर्षं चालत आहात असं विचारल्यावर, वीस तर कधीच उलटली, पूर्वी सगळं मोजायची सवय होती, आता सुटली, असं उत्तर मिळालं. रोज नवऱ्याला सकाळचं खायला घालायला मॉरफर्डला जाते, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याची प्रकृती कशी आहे, असं मी विचारलं. ते जाऊन फार काळ झाला, पण रोजची वाट, पाय राहत नाहीत, असं त्या म्हणाल्या. या बाई मला पूर्णपणे विश्वासार्ह वाटल्या."

एनिडने ते एकदाच वाचलं.

मग ती उठली आणि पळाली. कित्येक वर्षांत ती पळाली नव्हती. बागेतून, उघड्या फाटकातून, कमरेइतक्या ओल्या गवतातून आडवं-तिडवं, वाट सोडून, जवळच्या अंगाने. तोंडातून एकच शब्द येत होता, लेनचं नाव. वृद्धांच्या घराचं दार तिने खांद्याने ढकललं, जिना चढली, खोलीत शिरली.

लेन खुर्चीत बसला होता. केस विंचरलेले, गालांवर रंग. समोर टोस्ट, शेजारी लोण्याची वाटी. तो तिच्याकडे बघून हसला, चांगला ओळखीचं हसला.

ती पलंगाच्या कडेवर बसली, श्वास सावरला, आणि सुरी घेऊन लोणी लावायला लागली. अगदी कडेपर्यंत लावलं, त्याला आवडतं तसं. लेनने टोस्ट घेतला, एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिने डोळे पुसले.

"एनिड," तो म्हणाला. नाव बरोबर आलं होतं. तो तिच्या पायांकडे बघत होता. "बाहेर दव नाही का आज?"

तिने खाली पाहिलं. तिचे बूट, मोजे, स्कर्टची किनार, सगळं कोरडं ठणठणीत होतं.